उळवीच्या रानातील उजेडाचा इतिहास

माघ पौर्णिमेच्या सुमारास धारवाड-बेळगावकडून निघणाऱ्या, घुंगुरमाळा घातलेल्या बैलगाड्यांची रांग ज्यांनी रस्त्यात पाहिली आहे, त्यांना उळवी हे नाव नव्याने सांगायला नको. जोयडा तालुक्यातल्या गर्द रानातले हे लहानसे क्षेत्र. बाराव्या शतकात कल्याणला वादळ उठले, बिज्जळ राजाचा वध झाला, शरणांची पांगापांग झाली. आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा आपल्या सोबत्यांसह मजल दरमजल करीत या रानात आले व इथेच लिंगैक्य झाले, असे परंपरा सांगते. पाठलागावर असलेल्या सैन्यापासून माणसांना पोटात घेणारे रान म्हणून उळवीची ओळख आहे.

हा लेख मात्र त्या इतिहासाचा नाही. उळवीपासून काही मैल आत एका वाडीत माझ्या मावशीचे घर आहे. त्या घरात उजेड कधी आला, कुठून आला, किती वेळा विझला आणि आता तो वाढवायचा की नाही यावरून घरात कसा वाद झाला, त्याचा हा इतिहास. राजांच्या आणि लढायांच्या बखरी आपण पुष्कळ वाचल्या. एका घराच्या दिव्याचीही बखर असते, आणि ती नीट उलगडली तर तिच्यात धरण, बँक, उपग्रह, कायदा असे सगळेच येऊन बसते, हे मला मावशीकडच्या आठ दिवसांच्या मुक्कामात कळले.

नदी दिली, दिवा राहिला

आपल्या भागाचा इतिहास सरकारी कागदांनी वारंवार इकडून तिकडे नेला आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे काकांचे वडील मराठी शाळेत शिकले, काका अर्धे मराठीत व अर्धे कन्नडमध्ये शिकले आणि त्यांची नात कन्नड-इंग्रजीत शिकते. घरात बोलणे कोकणी-मराठीचे. अशी घरे या पट्ट्यात शेकड्याने आहेत. वाचकांपैकी अनेकांचे घर असेच असेल.

काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. या नदीला पांढरी नदी जिथे मिळत असे, तिथे सुपे नावाचे गाव होते. तालुक्याचे नावही सुपा. बाजार तिथे, कचेरी तिथे. काकांच्या आत्याचे सासर तिथेच. दिवाळीच्या बाजाराला काका लहानपणी डोक्यावर सुपारीचे गाठोडे घेऊन चालत सुप्याला जात. आज त्या बाजारपेठेवर धरणाचे पाणी आहे. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. सुमारे १४५ टीएमसी पाणी मावेल एवढा त्याचा पसारा. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, तालुक्याचे नाव बदलले आणि विस्थापितांतली पुष्कळ घरे रामनगरला बसली. काकांची आत्या रामनगरला गेली आणि तिथेच वारली. शेवटपर्यंत ती पत्ता सांगताना ‘मूळ सुपे’ असे सांगे.

आता या एका नदीवर किती वीज होते ते पाहा. सुपा धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅट, नागझरीला जवळजवळ ९००, कोडसळ्ळीला १२०, कद्र्याला १५०. शिवाय कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा येथे अणुवीज केंद्राचे चार संच, प्रत्येकी २२० मेगावॅटचे. त्यांतला पहिला २००० साली सुरू झाला, चौथा २०११ साली. या विजेच्या जाड तारा रानावरून, डोंगरावरून बंगळूरकडे, हुबळीकडे जातात. मावशीच्या वाडीच्या वरच्या टेकडीवर चढलो तर दूरवर एक मनोरा दिसतो. काका हात करून म्हणतात, “ती बघ आमची नदी चालली.”

टेकडीवरून दिसणारी वीज खालच्या घरात मात्र येत नाही. लाखो व्होल्टांची तार म्हणजे महामार्ग. तिच्यावरून घरात यायला उपकेंद्र, रोहित्र, खांब अशी पायवाट लागते. रानात खांब रोवायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची परवानगी हवी, अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचीही. पाच घरांसाठी तीन मैल तार ओढणे कुठल्याही वीज मंडळाच्या हिशेबात बसत नाही. बसली तरी पहिल्याच वळवाच्या पावसात झाड पडून ती तुटते.

आणि सरकारी हिशेब काय सांगत होता? १९९७ सालापर्यंत आपल्या देशात नियम असा होता की, गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असली की ते गाव ‘विद्युतीकृत’. शिवारात एक पंप चालला की कागदावर सगळे गाव उजळले! पुढे २००४ साली निदान १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा जागी वीज हवी, अशी सुधारणा झाली. म्हणजे शंभरांतली नव्वद घरे अंधारात असली तरी गाव उजेडातच. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लैसांग गावी वीज पोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली. काकांनी ती रेडिओवर ऐकली. त्या वेळी आपल्या डोक्यावर कसला दिवा जळत होता हे त्यांना पक्के आठवते. तो सूर्याचा होता.

घासलेट ते सूर्य

त्याआधीचा उजेड म्हणजे घासलेटचा. स्वयंपाकघरात चिमणी, ओसरीवर कंदील, लग्नकार्याला भाड्याची गॅसबत्ती. रेशनचे घासलेट महिन्याकाठी मोजके मिळायचे आणि पावसाळ्यात ते आणायलाही नदी-नाले ओलांडावे लागायचे. मावशी सांगते, “काजळीनं भिंत काळी व्हायची ते दिसायचं. छाती काळी व्हायची ते कुणाला दिसणार?” कंदिलाच्या काचा राखेने पुसणे हे घरातल्या लेकीसुनांचे रोजचे तिन्हीसांजेचे काम. शिकायचे ते कंदिलाभोवती गोल बसून. ज्याच्या वाट्याला कंदिलाचा खांब येई, त्याची वही अंधारात.

सूर्यापासून वीज काढण्याची विद्या तशी जुनी. प्रकाशाने वीज उपजते हे बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखवले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज त्यातून होई. तो इतका महाग होता की घरावर लावण्याची कल्पनाही कुणी केली नाही. तो गेला थेट आकाशात, उपग्रहांवर. आपला ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी उडाला, तोही असेच सौरघट अंगावर घेऊन. बंगळूरजवळ पीन्या येथे तो जुळवला गेला. त्याची सौरवीज होती सुमारे ४६ वॅट. चार-पाच दिवसांतच वीजव्यवस्थेत बिघाड होऊन त्यावरचे प्रयोग थांबले. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. सौरदिव्याचे दुखणे बहुधा सूर्यात नसते, ते मधल्या जोडणीत असते, हे पुढे मावशीच्या घरीही सिद्ध झाले.

साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९७७ साली पहिला देशी सौरघट व पुढच्या वर्षी पहिले पॅनेल तयार केले. त्या सुमारास जगाच्या बाजारात सौरघटाचा भाव वॅटला ७६ डॉलरच्या घरात होता. १९८२ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग काढला, १९९२ साली त्याचे मंत्रालय झाले. पण सरकारी सौरदिवा म्हणजे उद्घाटनाचा नारळ फुटेपर्यंतचा, अशीच त्या वेळी लोकांची समजूत होती. फुकट दिलेल्या वस्तूची दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न कर्नाटकात विचारला गेला. हरीश हांडे या खरगपूरच्या आयआयटीत शिकलेल्या तरुण अभियंत्याने नेव्हिल विल्यम्स या अमेरिकन गृहस्थाबरोबर १९९५ साली बंगळूरला सेल्को ही कंपनी काढली. गरिबाला सौरदिवा परवडत नाही, तो त्याची निगा राखू शकत नाही, या समजुती खोट्या आहेत असे त्यांचे म्हणणे. दिवा उधारीवर द्या, हप्ता माणसाच्या कमाईच्या चालीने बांधा आणि दुरुस्तीचा माणूस जवळच्या गावात ठेवा, एवढीच त्यातली युक्ती. रोज विक्री करणाऱ्याला महिन्याचे तीनशे जड जातात, पण दिवसाचे दहा जड जात नाहीत. सुपारीवाल्याच्या हातात पैसा सुपारी विकल्यावर येतो, तर हप्ताही तेव्हाच घ्यावा. मलप्रभा ग्रामीण बँक, सिंडिकेट बँक अशा आपल्याकडच्या बँकांनी सौरदिव्याला कर्ज द्यायला सुरुवात केली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने कॅनरा आणि सिंडिकेट बँकांनी व्याजात सवलत देऊन अशी कर्जे दिली. पुढच्या चार वर्षांत दक्षिणेत अठरा हजारांवर घरे त्यातून उजळली. हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला, हे मराठी वाचकांच्या लक्षात असेल. बँकांची नावे आता बदलली. मलप्रभा बँक २००५ साली कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत मिसळली आणि सिंडिकेट २०२० साली कॅनरात. कर्जे फिटली, पाट्या मात्र छपरांवर राहिल्या.

पाटी हा मावशीचा शब्द. २००१ साली काकांनी सुपारीच्या पैशांवर भरवसा ठेवून बँकेकडून कर्ज घेतले आणि ३७ वॅटची एक पाटी, ४० अँपिअर-तासांची एक बॅटरी आणि चार दिवे घरात आणले. आर्यभटावर होती तिच्याहून थोडी कमी वीज आता मंगळुरी कौलांवर, दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा अंशांच्या उतारावर बसली. (आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पंधरा अंशांवर आहोत, पाटीचा उतारही तेवढाच ठेवावा, असा साधा ठोकताळा आहे.) पहिल्या संध्याकाळी मावशीने सवयीने कंदिलाची काच पुसली, मग हसून तो फडताळात ठेवून दिला.

दुसरी पाटी

चार दिव्यांनी एक पिढी शिकली. मावसभावाची दहावी, बारावी त्याच उजेडात झाली. पण गरजा वाढतात. मोबाईल आला. सून आली, तिला मिक्सर हवा. नातीची शाळा २०२० साली कोरोनात घरात आली, म्हणजे टेकडीवर जाऊन जिथे रेंज येते तिथे आली. तेवढ्यासाठी मोबाईल सदैव भरलेला हवा. सरकारची व्याख्याही बदलली होती. २०१७ सालच्या सौभाग्य योजनेत तार न पोचणाऱ्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटची पाटी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल असे माप ठरले. २००१ साली ३७ वॅटमध्ये घर श्रीमंत वाटत होते. सोळा वर्षांत तेच माप दारिद्र्याचे झाले.

तेव्हा मावसभावाने बाजारच्या गावातल्या एका दुकानातून ३३५ वॅटची मोठी पाटी आणि एक नवी बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, “जुन्यालाच जोडा, नऊपट वीज होईल.” दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे सांगणारे गावोगावी आहेत. माल खोटा नव्हता, जोडणी चुकीची होती. दीड वर्षात नवी बॅटरी बसली आणि घर पुन्हा दोन दिव्यांवर आले. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी गेलो तो या अवस्थेत. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे घरच्यांच्या लेखी या विषयाचा अधिकारी. मी एक मीटर नेला, वाडीच्या पलीकडच्या गावातून सौरदिव्यांची कामे करणारा एक मुलगा बोलावला आणि आम्ही दोघांनी मिळून रोगाचे निदान केले. सीमाभागातल्या पुष्कळ घरांवर अशा पाट्या आहेत, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

पहिली चूक व्होल्टची. जुनी पाटी १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेली. नव्या मोठ्या पाट्यांत ७२ घट एकामागून एक जोडलेले असतात आणि त्या ३७ व्होल्टच्या आसपास आपली पुरी ताकद देतात. मधला जुना नियंत्रक साधा. तो पाटीला ओढून बॅटरीच्या पातळीवर, तेरा-साडेतेरा व्होल्टवर आणतो. पाटीतून नऊ अँपिअर येतात, पण साडेतेरा व्होल्टवर. गुणाकार केला तर १२० वॅट. म्हणजे ३३५ वॅटचे पैसे देऊन १२० वॅट पदरात. जादा व्होल्टचे अँपिअरमध्ये रूपांतर करणारा एमपीपीटी जातीचा नियंत्रक घेतला असता तर हे झाले नसते.

दुसरी चूक बॅटरीची. जुन्या बॅटरीशेजारी नवी बॅटरी समांतर जोडली होती. दमलेल्या बैलाबरोबर तरणा बैल एका जुवाला जोडला तर नांगर दमलेल्याच्या चालीने चालतो आणि तरणाही खांद्याला सोलतो. जुनी बॅटरी चार्ज धरत नाही, नवीचा चार्ज ओढून घेते. नवी कधी पुरती भरतच नाही आणि अर्धपोटी राहून तिच्या पट्ट्यांवर गंधकाचा थर धरतो. नव्या-जुन्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत, हा नियम जिथे तिथे लिहून लावावा असा आहे.

तिसरी चूक तारेची. बारा व्होल्टवर वीज जड असते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, दहा मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर. तिच्यातून आठ अँपिअर गेले की दोन व्होल्ट वाटेतच ऊब होऊन विरतात. बारातले दोन गेले, मग पंखा मंद का फिरतो याचे कोडे उरत नाही. चार दिव्यांना पुरणारी तार चौदा वस्तूंना पुरत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी चूक नव्हे, काळ. २००१ साली घराच्या दक्षिणेला लावलेल्या माडपोफळी आता छपराच्या वर गेल्या आहेत. सकाळी दहापर्यंत पाटीवर झावळीची सावली. पाटीतले घट एका माळेत असतात. एका मण्यावर सावली पडली तरी साऱ्या माळेचा ओघ अडतो.

घराचा हिशेब

मग आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. नातीने वही धरली. जुने दिवे सात-सात वॅटचे, सीएफएल जातीचे. चार दिवे चार तास म्हणजे ११२ वॅट-तास. तेवढाच उजेड आज तीन वॅटचा एलईडी देतो. चार दिवे चार तास, ४८ वॅट-तास. निळा एलईडी शोधणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले ते कशासाठी, हे मला या वहीत पहिल्यांदा दिसले. सौरसंच वाढवायचा तर आधी दिवे बदलावेत, पाटी मग. खर्च घटवणे ही सर्वांत स्वस्त वीज.

दिवे वाढवून ६० वॅट-तास धरले. पंखा रात्रभर २००, टीव्ही ९०, नातीचा लॅपटॉप १५०, मोबाईल ४०. एकूण ५४०. हिवाळ्या-उन्हाळ्यात रानात पाचेक तास चांगले ऊन मिळते. वाटेतली गळती तीस टक्के धरली तरी २०० वॅटच्या पाटीतून ७०० वॅट-तास हाती येतात. म्हणजे घरात असलेली ३३५ वॅटची पाटी नीट जोडली तर पुष्कळ झाली; नवी घ्यायची गरजच नव्हती! पण उळवीचा पाऊस या हिशेबात धरलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर सूर्य दिवसाला तास-दीड तास दिसला तरी नशीब. तेव्हा तीच पाटी साडेतीनशे वॅट-तास देईल. पावसात पंख्याची गरज नाही, तो वजा केला की उरते ३४०. जेमतेम जमते. सुनेच्या मिक्सरला ऊन असेल त्या दिवशी दुपारी, इन्व्हर्टरवर, पाच मिनिटे. ती म्हणाली, “वाटण दुपारीच करून ठेवीन, त्यात काय?” फ्रिजची मागणी तिने आपण होऊन मागे घेतली.

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती, ती म्हणजे २००१ सालची पाटी अजून काय देते. तिला सगळ्यांनी मोडीत काढले होते. भर दुपारी काच पुसून मीटर लावला तर काटा १.८ अँपिअरवर. नवी असताना ती सव्वादोन देत असावी. चांगली पाटी वर्षाला अर्धा-पाऊण टक्का म्हातारी होते. चोवीस-पंचवीस वर्षांनी तिच्यात ऐंशी टक्क्यांवर जोर शिल्लक असतो. इतक्या वर्षांत तिच्या पायाशी तीन बॅटऱ्या मेल्या, दोन नियंत्रक जळले, कितीतरी दिवे गेले, ती तशीच. काका उठून खाली उभे राहिले आणि कौलांकडे बघत म्हणाले, “माझ्यापेक्षा बरी आहे.”

राहायचे की जायचे

खरा वाद इथून पुढे सुरू झाला. रात्री जेवणे झाल्यावर मावसभाऊ म्हणाला, “दादा, हे सगळं ठीक आहे. नियंत्रक, बॅटरी, तारा मिळून पुन्हा तीस-चाळीस हजार. पण आधी सांग, आम्ही इथं राहायचं का?”

त्याच्या प्रश्नाला मागचा इतिहास आहे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ सालापासून दहा लाख आणि २०२१ सालापासून पंधरा लाख रुपये मिळतात. कुणी घेऊन गेले, कुणी गेले नाहीत. जाणाऱ्याला नावे ठेवण्याचा हक्क बेळगावात दिव्याखाली बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. रात्री पोट दुखले तर दवाखाना किती लांब आहे, हे मावशीच्या सुनेला ठाऊक आहे.

मावसभावाचे म्हणणे, जायचे असेल तर घराला पैसा का लावायचा? छपरावरून सरकारला वीज विकण्याच्या नव्या योजना आहेत. २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे. पण ती तार असलेल्या घरांसाठी. तार नाही त्याला त्यात जागा नाही. “बाहेर गेलो तर तिथं तारही मिळेल, अनुदानही मिळेल. इथं राहून आपण बॅटरीतलं पाणीच बघायचं?”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सुपं बुडालं तेव्हा आत्या म्हणायची, आम्ही गेलो ते देशाला दिवा मिळावा म्हणून. आता आम्ही जायचं ते वाघाला रान मिळावं म्हणून. वाघाशी माझं भांडण नाही. पण दर वेळी आम्हीच का?”

मावशीने त्यात वेगळा मुद्दा काढला, आणि मला वाटते तोच सगळ्यांत शहाणा होता. ती म्हणाली, “खांब असता तर तो इथंच राहिला असता. ही पाटी उचलून नेता येते ना? मग घर सोडायचं ते सोडताना बघू. तोवर अंधारात का बसायचं?”

मुद्दा बिनतोड होता. सौरसंच हा या इतिहासातला पहिला असा उजेड, जो माणसाबरोबर जाऊ शकतो. राहण्याचा निर्णय झाला नाही, जाण्याचाही झाला नाही. पण उजेडाचा झाला. मोठी पाटी कौलांवर न ठोकता लोखंडी घोड्यावर, पोफळींच्या सावलीबाहेर अंगणाच्या कडेला उभी केली. एमपीपीटी नियंत्रक आणला. जुन्या दोन्ही बॅटऱ्या दुकानात परत दिल्या. तसे देणे २००१ सालच्या आणि आता २०२२ सालच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, आणि शिशाचे चार पैसेही सुटतात. एकच मोठी बॅटरी घेतली, जाड तार ओढली. जुन्या ३७ वॅटच्या पाटीला मोठ्या संचात मिसळले नाही. तिला तिचा छोटा नियंत्रक, तिची छोटी बॅटरी आणि तिचे तीन दिवे वेगळे दिले: स्वयंपाकघर, गोठा आणि तुळशीवृंदावन. मोठा संच कधी बिघडला तरी चूल आणि गोठा अंधारात जाणार नाही.

तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान २०१९ साली पुरे झाले. तिथल्या पाट्यांची रांग क्षितिजापर्यंत जाते म्हणतात. देशाच्या इतिहासात नोंद त्याची होईल, आणि व्हावीही. मावशीच्या घराची नोंद कुठल्याच कागदावर नाही. तिथे वीज आली असे एका यादीत आहे, तिथे वीज येऊ शकत नाही असे दुसरीत. म्हणून ती इथे केली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी बॅटरीच्या टोप्या उघडून पाण्याची पातळी कशी बघायची ते नातीला दाखवत होतो. डिस्टिल्ड पाणीच घालायचे, नळाचे नाही, विहिरीचे तर नाहीच. तिने वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांची नावे लिहून पुढे चौकोन आखले. बारा महिने, बारा चौकोन. मग थोडा विचार करून तिने पुढच्या वर्षाचेही आखले. मावसभाऊ ते बघत होता. तो काही बोलला नाही. गोठ्यात मावशीने जुन्या पाटीचा दिवा लावला होता, आणि दूध काढण्याचा आवाज येत होता.